निरोपाची सहल काढू पाहणाऱ्या प्रशिक्षणार्थी सरांस

प्रति,
मा. प्रशिक्षणार्थी (पोरांच्या भाषेत ‘सर’),
मुक्काम विंचूर परिसर, ता. निफाड, जि. नाशिक

विषय : मुदत संपत आली असताना मुलांना फिरायला नेण्याचा बेत रद्द करणेबाबत.

महोदय,

आमच्या चिरंजीवांनी घरी येऊन दोन बातम्या दिल्या. सर जाणार आहेत, आणि जाण्याआधी सगळ्या वर्गाला फिरायला नेणार आहेत. पहिलीने आम्ही हललो नाही. तुम्ही जाणारच होता. जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली तेव्हाच शासनाने सांगून टाकले होते की काम सहा महिन्यांचे. वर आणखी पाच महिने वाढवून दिले, हा त्यांचा मोठेपणा. बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय-पदविकावाल्याला 8,000, तुमच्यासारख्या पदवीधराला 10,000. लोकांनी योजनेचे नाव ‘लाडका भाऊ’ पाडले. भाऊ लाडका असला तरी त्याने कायमचा मुक्काम ठोकू नये, एवढे तुम्हाला कळायला हवे होते.

दुसऱ्या बातमीने मात्र झोप उडाली.

सर, आधी कागदाचे बघा. तुम्ही शिक्षक नाही. शाळेत तुम्ही प्रशिक्षण घेत होता. चौथीच्या पोरांकडून भागाकार घोटून घेतलात, खरे आहे. गुरुजी मतदार याद्यांच्या कामाला गेले की दोन वर्ग एका खोलीत बसवून सांभाळलेत, हेही खरे. पण कागदावर तुम्ही शिकत होता. मग सहलीच्या अर्जात जबाबदार शिक्षकाच्या रकान्यात नाव कुणाचे घालणार? फार तर ‘विद्यार्थ्यांनी प्रशिक्षणार्थ्यास फिरवून आणले’ असे लिहिता येईल, आणि खरे सांगायचे तर ते वस्तुस्थितीला धरून होईल.

परवानगीची थट्टा मी करणार नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाची 14 मुले बुडाली. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, ते व्हायलाच हवे होते. माझे म्हणणे एवढेच, की संमतीपत्रे, हमीपत्रे, गाडीचे कागद हे सगळे जमवण्याइतकी मुदत तुमच्याच नेमणुकीत उरलेली नाही. एसटी शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते; पण ती शाळेला देते, तुम्हाला नव्हे.

शिवाय दिवस कुठला धरणार? यंदा, 2025 मध्ये, पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने 25 एप्रिलपर्यंत ओढल्या आहेत आणि निकाल 1 मे ला. मधल्या दिवसांत पेपर तपासायचे, गुणांची बेरीज करायची, प्रगतिपुस्तके भरायची. ज्यांनी हे वेळापत्रक आखले त्यांना निफाड तालुक्याची थंडीच तेवढी ठाऊक असावी.

आता तुमच्या बेताविषयी. सहल म्हणजे कशी, मध्यरात्री गाडी निघावी, निम्म्या पोरांनी खिडकीतून उलट्या कराव्यात, वॉटर पार्कच्या फाटकावर ग्रुप फोटो व्हावा. तुम्ही म्हणे नेणार नांदूरमध्यमेश्वरला! जिथे आमची पोरे मामाच्या वावरात जाताना तसेही पोचतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर 1907 ते 1913 या काळात बंधारा बांधला, गाळ साचला, पाणथळ झाली, पाखरे आली. जानेवारी 2020 मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. हे सगळे फळ्यावर लिहून देता येते. आणि एप्रिलात तिथे बघणार काय? चक्रवाक, क्रौंच कधीच परत गेले असतील. राहिली असेल जांभळी पाणकोंबडी आणि दोन-चार शेकाटे. पोरे विचारणार, सर, बाकीचे कुठे गेले? तुम्ही सांगणार, त्यांचा हंगाम संपला. पुढच्या हिवाळ्यात येतील का? येतील. आणि तुम्ही? या प्रश्नाचे उत्तर शासन निर्णयात बघून ठेवा, सर. मी बघितले. नाही सापडले.

दुसरा मुक्काम कांदा बाजार. विंचूरला लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे, हे बाजारपट्टीत वाढलेल्या पोरांना तुम्ही नव्याने दाखवणार! इथे मात्र माझी हरकत गंभीर आहे. तुम्ही त्यांना शेकडेवारी शिकवली आहे. ट्रॅक्टरच्या ओळीत उभे राहून ती गणित मांडतील : ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर शुल्क 40 टक्के, डिसेंबरात निर्यातच बंद, मे 2024 मध्ये दार उघडले पण 40 टक्के तसेच, सप्टेंबरात 20, आणि 1 एप्रिल 2025 पासून शून्य. इथवर ठीक. मग एखादी पोरगी विचारेल, शुल्क शून्यावर आले, उन्हाळ कांदा चांगला पिकला, तरी लिलावात ट्रॉलीजवळ उभ्या माझ्या बापाचा चेहरा असा का? परीक्षेत न येणारे प्रश्न पोरांच्या डोक्यात घालून निघून जायचे, याला काय म्हणावे?

गावातल्या विंचूरकरांच्या वाड्यातही न्यायचा विचार आहे, असे कळते. पुण्याच्या विंचूरकर वाड्यात 1894 मध्ये टिळकांनी गणपती बसवला, हे पोरांना ठाऊक आहे. त्या वाड्याचे नाव आपल्या गावावरून आहे, हे त्यांना सांगायची काय घाई? आणि या घराण्याचे सरदार विठ्ठल शिवदेव पानिपतातून जिवंत परतले, हे तर मुळीच सांगू नका. पानिपतात कोण पडले हे विचारायची पद्धत आहे. परत आलेल्यांचे पुढे काय झाले यावर गुण नसतात.

येवल्याकडे तर वळूच नका. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा तिथे केली. देश हलवणारी गोष्ट आपल्या शेजारच्या गावातून बोलली गेली, हे कळले की पोरे विंचुराला लहान समजायचे बंद करतील, मग त्यांना आवरणार कोण? वाटेत वाइन पार्कची पाटी लागेल. आत काय असते असे विचारले तर सरळ ‘द्राक्षप्रक्रिया’ म्हणा. राज्याच्या 2001 च्या धोरणात हाच शब्द आहे.

तुम्हाला प्रमाणपत्र मिळेल. त्यात कालावधी असेल, आस्थापनेचे नाव असेल. पोरांनी तुम्हाला इतके महिने सर म्हटले, त्याचा रकाना नसेल. शासनाला प्रशिक्षणार्थी मिळाला, आम्हाला फुकटात मास्तर मिळाला, जूनमध्ये दुसरा कुणी आला तर तोही चालवून घेऊ. घोटाळा फक्त पोरांचा झाला. तुम्ही खरेच शिक्षक आहात असे ती समजून बसली, आणि आता तुम्ही या सहलीने त्यांचा तो समज पक्का करायला निघाला आहात.

तरी बेत त्वरित रद्द करावा, ही विनंती.

आपला,
एक जागरूक पालक

ता. क. : घरात शेंगदाण्याची चटणी कुटून झाली आहे आणि ती परत घ्यायला कुणी तयार नाही. म्हणून सुचवतो : सहल हा शब्दच काढू नका. लिलाव बघायला गेलो म्हणा. विंचुरात त्याला कुणी परवानगी विचारत नाही. फक्त बाजार बंद असलेला वार टाळा.