आभाळावर नेम

नवे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेतले की जाणते नेमबाज आधी त्याची परीक्षा पाहतात. रेंजवर दोनेकशे गोळ्या झाडायच्या, प्रत्येक मॅगझिनला खूण करायची, गोळी कुठल्या मॅगझिनमधून अडकली, रिकामे काडतूस बाहेर पडले की स्लाइडमध्येच चिमटले, याची नोंद ठेवायची. फारच रटाळ काम.

परळी वैजनाथच्या हौशींना असला खटाटोप परवडत नाही. ते चाचणी थेट आभाळावर घेतात. लक्ष्य इतके ऐसपैस, की नेम चुकल्याचे कुणी ऐकलेले नाही. नोंदवही म्हणजे मोबाइल. मागे गाणे लावले की अहवाल तयार. पिस्तूल अडकले तर ती रील कुणी टाकत नाही, त्यामुळे विश्वासार्हता कायम शंभर टक्के. वर गेलेली गोळी येते कुठे, हे इथल्या थर्मल वीज केंद्राच्या राखेसारखेच: ज्याच्या पत्र्यावर पडेल त्याने बघावे.

शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने अशा उत्साहाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, ठेवले. हौशींनी ते वाचले नसावे. गाण्याच्या आवाजात वाचता येत नाही. डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, तेव्हा कुठे बीड जिल्ह्यातले बाराशेच्या वर शस्त्रपरवाने चर्चेत आले, परळीतले हवेतल्या गोळीबाराचे व्हिडिओ फिरले, आणि परवाने रद्द होऊ लागले. परवान्याच्या अर्जात कारण बहुधा एकच असते: जिवाला धोका. कुणाच्या, ते मात्र मोघम राहते.