चेहऱ्यावरचा सीमाप्रश्न

ऐकलंत का? नाही? मग बसा, चहा ठेवते. पण हे माझ्याकडून कळलं असं कुणाला सांगू नका. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, ती गोष्ट वेगळी.

टिळकवाडीतल्या आमच्या भिशीत गेल्या महिन्यात कुंदा उरला. बेळगावात, भर भिशीत, कुंदा! एरवी बशीतल्या शेवटच्या चमच्यावरून दोघी आठवडाभर बोलत नाहीत. यंदा मात्र एकेकीनं पर्समधून पुडी काढली, कोमट पाण्यात ढवळली आणि डोळे मिटून घटाघटा प्याली. मी घाबरून विचारलं, "कसलं औषध ओ वैनी?" तर त्या म्हणाल्या, "औषध न्हवं गे, कोलॅजन!" सूर असा, की मुलाला अमेरिकेत नोकरी लागली.

आमच्याकडची माणसं रेषांच्या बाबतीत आधीच हळवी. राज्याची रेषा मान्य नाही म्हणता म्हणता पिढ्या गेल्या. आमच्या भागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आता डोळ्यांच्या कडेच्या रेषाही अमान्य! त्यांच्यासाठी ना मोर्चा, ना तारीख. रोज सकाळी एक चमचा, बस्स.

निपाणीची बातमी तर याहून खमंग. घर असं, की कांदासुद्धा उंबऱ्याबाहेरून नमस्कार करून जातो. त्या घरच्या सूनबाईंनी ऑनलाइन डबा मागवला. चमकदार डबा, झाकण सोनेरी. सासूबाईंनी चष्मा लावला आणि कोपऱ्यात बघतात तर काय, हिरवा ठिपका नाहीच! तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण! मासळी! देवघराशेजारच्या कपाटात! तेव्हापासून डबा सूनबाईंच्या नोकरीच्या ठिकाणी, अर्जुननगरला असतो. अर्जुननगर निपाणीला चिकटलेलं, पण कागल तालुक्यातलं. म्हणजे त्रिकोण महाराष्ट्रात, सोवळं कर्नाटकात. सीमेसाठी बसलेल्या महाजन आयोगालाही इतकी स्वच्छ वाटणी सुचली नव्हती.

पण सासूबाईंचं चुकलं कुठं? कोलॅजन झाडाला लागत नाही. ते माशाच्या कातड्या-खवल्यांतून काढतात, नाहीतर जनावरांच्या कातडी-हाडांतून. 'शाकाहारी कोलॅजन' म्हणून विकतात त्यात बहुधा क जीवनसत्त्व आणि अमिनो आम्लं असतात. म्हणजे वीट-वाळू मिळते, घर नाही. आणि नाव तरी काय? ग्रीक भाषेत 'कोल्ला' म्हणजे सरस. हो, तोच सुताराचा सरस! जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला. तो तापवला, की त्या वासानं आमच्या आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्याच सरसाचा जवळचा नातलग आता स्ट्रॉबेरीचा वास लावून दीड-दोन हजारांच्या डब्यात बसलाय. सरस दिसायचं म्हणून सरस प्यायचा! मराठीनं किती वर्षांपूर्वी करून ठेवलेली कोटी, कुणाच्या लक्षातच आली नाही.

थट्टा पुरे. चीज मात्र मोठी आहे. आपल्या अंगातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा कोलॅजनचाच. त्याची घडण उलगडली तीही आपल्याच देशात. १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी कांगारूच्या शेपटीतली कंडरा तपासून दाखवलं, की हे तीन पेडांचं गुंफलेलं सूत आहे. थोडक्यात, तिपेडी वेणी! तिचा पीळ घट्ट बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमासुद्धा उकलतात. स्कर्व्ही म्हणतात तो हाच रोग. म्हणजे वेणीची रिबीन आवळ्यात, पेरूत, लिंबात. हे विकणारी बाई बाजारात पाटी घेऊन बसते, पण तिच्या पाटीला सोनेरी झाकण नाही.

"पण पुडीचा उपयोग होतो की नाही?" हळू बोला, वैनी ऐकतील. वेणी पुडी भरतानाच सुटलेली असते, पोटात ती आणखी तुटते. तिचे सुटे मणी, म्हणजे अमिनो आम्लं, आणि बारीक तुकडे रक्तात जातात. ते गालावरच जाऊन बसतील असा हुकूम काही पुडीवर छापलेला नसतो. कातडी थोडी ओलसर, लवचीक झाली असं सांगणाऱ्या चाचण्या आहेत, खोटं कशाला बोला? पण २०२५ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशा २३ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. ज्यांना औषध कंपन्यांचा पैसा नव्हता, त्या चाचण्यांत फरक दिसलाच नाही. अय्यो! भिशीचा हिशेब बघणाऱ्या बायकांना हे सांगायला नको.

शहापूरच्या काकूंचं वेगळंच. त्या म्हणतात, "गोकाकचा करदंट खाते मी, डिंक हाय की त्यात! चिकट ते कोलॅजन." काकू, डिंक झाडाचा, त्यात कोलॅजनचा कणही नाही. पण करदंट सोडा असं कोण सांगेल? आमच्या घरी आजीच्या वेळेपासून मटणाचं अळणी पाणी असतं. रात्री गार झालं की भांड्यात थरथरतं, ती थरथर कोलॅजनचीच. पोटात गेल्यावर त्याचेही तुकडेच होतात. त्यामुळं आजीचा विजय झाला असं काही म्हणणार नाही. अळणीला चव असते, एवढंच.

आता खरा चोर सांगते. कातडीतलं कोलॅजन तोडतं ऊन, आणि तंबाखूचा धूर. धूर म्हटल्यावर तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीनं खाली बघायचं कारण नाही. त्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी पुणे–बंगळूर महामार्ग अडवला होता, पोट होतं त्यांचं. पण बघा, त्याच महामार्गानं आज कोलॅजनचे खोके येतात. वैनी आत पुडी ढवळतात आणि यजमान दारात सिगरेट पेटवून गाडी गरम करतात. एका घरात भरती आणि ओहोटी.

साखरेचंही तसंच. जास्त झाली की कोलॅजनला चिकटून त्याला ताठ करते. म्हणून तर कुंदा बहिष्कृत! तो उरलेला डबा मीच घरी आणला, अन्नाचा अपमान नको म्हणून.

परवा रात्री साडेनऊला फोन वाजला. वैनी. आवाज एकदम बारीक. "गे, तो कुंदा शिल्लक हाय काय?"

"हाय की. पण वैनी, रेषा?"

"ऱ्हाऊ दे गे," त्या म्हणाल्या. "कोर्टात हाय."