कंधारमध्ये पणजोबा कसा शोधावा

इंग्लंडात पणजोबा सापडणं सोपं. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 साली हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत टिपून ठेवावं. तिथला माणूस आजही चर्चची वही उघडतो आणि थेट मागच्या शतकांत उतरतो. मन्याडकाठच्या कंधारातल्या आपल्या लोकांची अशी वही कोणत्याच देवळाने ठेवली नाही. ज्याला शेतसारा हवा होता त्याने ठेवली. म्हणून पुढील पायऱ्या नेमाने पाळाव्यात.

पायरी 1: कारण तयार ठेवा. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून मराठवाड्यात जुना कागद मागणारा प्रत्येक जण कुणबी दाखल्याच्या एकाच कामासाठी आलाय, असं कचेरी धरून चालते. ‘सहज, कुतूहल म्हणून’ असं उत्तर दिल्यास संशय बळावतो.

पायरी 2: घरच्यांना विचारा, पण एकेकट्याला. दोन चुलते एका बाजेवर बसवल्यास चर्चा आजोबांवरून शेताच्या धुऱ्याकडे वळते आणि पुढे वंश राहतो बाजूला. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे ‘नामा वल्द तुका’ आणि ‘तुका वल्द नामा’ आलटून पालटून येत राहतील. आपला नामा नेमका कितवा, हे आधी ठरवा. आडनाव शोधत बसू नका; बहुतेक नोंदींना त्याची गरज वाटलेली नाही.

पायरी 3: दप्तर गाठा. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळाची नोंदवही, गावचा जन्म-मृत्यूचा नमुना 14 आणि शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, हा क्रम बरा. नमुना 14 मध्ये बाळाच्या नावाऐवजी नुसतं ‘मुलगा’ असं लिहिलेलं असू शकतं, कारण नोंद बारशाची वाट पाहत नसे. शाळेच्या रजिस्टरात तुमचे आजोबा, त्यांचा भाऊ आणि निम्मा वर्ग 1 जूनला जन्मलेला आढळेल. हा ज्योतिषाचा चमत्कार नसून गुरुजींची सोय आहे. आत्याचं सासर मुधोळ किंवा भैंशाकडचं असेल, तर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो भाग नांदेड जिल्ह्यातून आंध्रात गेला. आत्या जागेवरच राहिली, तिचा कागद परराज्यात गेला.

पायरी 4: लिपीशी मैत्री करा. जुनी नोंद उर्दूत किंवा मोडीत असेल. घाईत लिहिणाऱ्या उर्दू कारकुनाने नुक्ते गाळले असतील, तर नाना, बाबा आणि ताता हे तिघे अगदी सारखे दिसतात. आपल्याला सोयीचा निवडू नये. वाचणाऱ्याला निवडू द्यावा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडायची सक्ती नाही. त्यामुळे एका ओळीत तीन पूर्वज एकमेकांना चिकटून उभे असतील, त्यांना हलक्या हाताने वेगळं करावं.

पायरी 5: सनाला भुलू नका. ‘सन 1330’ वाचून पणजोबा मुहम्मद तुघलकाला भेटले होते, असं भाऊबंदांत सांगत फिरू नये. तो निजामाचा फसली सन आहे. त्यात 590 मिळवा, साधारण 1920 येईल. शेजारी आजूर, दै, बहमन दिसतील. ते महिने आहेत, चुलत आजोबा समजून वंशावळीत घालू नयेत.

पायरी 6: इथवर काही हाती लागलं नाही, तर नाशिक-त्र्यंबकेश्वर गाठा. तिथले तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारून आपली वही काढतात. सरकारी कागदात पूर्वज सारा भरताना दिसतो, इथे तो श्राद्ध करताना दिसतो. देण्याचा प्रसंग आला, की आपल्या माणसाची नोंद हमखास होते. पणजोबा कुणाचं देणं लागत नव्हते आणि यात्रेलाही गेले नाहीत, असं असेल तर ते सुखी होते एवढं मानावं आणि शोध थांबवावा.

पायरी 7: पणजीचा शोध घेऊ नका. शेत तिच्या नावावर नव्हतं, म्हणून खासऱ्याला ती माहीत नाही. जन्माच्या नोंदीत ती फक्त ‘मुलगी’. लग्नात नाव बदललं, म्हणून माहेरची वहीही तिला ओळखत नाही. ज्याच्याकडून वसुली नाही त्याला पूर्वज होता येत नाही, हा नियम कोणत्याही राजवटीने लिहिला नाही, पण सगळ्यांनी पाळला. तरीही हट्टच असेल, तर भावकीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईसमोर वही घेऊन बसा. ती चार पिढ्यांच्या सोयरिकी, कोण कुठे दिली, कुणाला किती लेकरं झाली आणि त्यातली किती जगली, हे न अडखळता सांगेल. सगळं लिहून घ्या. फक्त त्याची सही-शिक्क्याची नक्कल मिळणार नाही.