अपडेट न करण्याचे शास्त्रोक्त विधी

संगणकावरील सॉफ्टवेअर जुनेच राहू द्यायचे आणि चारचौघांत मात्र आपण फार दक्ष आहोत असे दाखवायचे, ही साधना वाटते तितकी कठीण नाही. त्यासाठी लागणारी बहुतेक साधने फुकट मिळतात.

डेबियन किंवा उबुंटू वापरणाऱ्या साधकाने आरंभ 'ॲप्ट अपडेट' या कमांडने करावा. पडद्यावर ओळी भराभर सरकतात, शेजारी बसलेल्यावर छाप पडते आणि एकही पॅकेज बदलत नाही. कारण ही कमांड नव्या आवृत्त्यांची यादी तेवढी आणते. त्या बसवण्याचे काम 'ॲप्ट अपग्रेड'चे. रेशन दुकानाच्या फळ्यावर 'साखर आली' असे लिहिले म्हणून घरचा डबा भरत नाही. मॅकवर होमब्रूच्या 'अपडेट' आणि 'अपग्रेड'मध्येही हेच अंतर आहे. विंडोजवर नुसते 'विंगेट अपग्रेड' म्हटले, तरी पदरात यादीच पडते. पुढे 'ऑल' लिहावे लागते किंवा पॅकेजचे नाव द्यावे लागते. साधकाने यादीवर समाधान मानावे.

एखादे पॅकेज फारच नडू लागले, तर त्याला 'होल्ड'वर टाकावे. ही सोय खरे तर शहाण्यांसाठी आहे: चाचणी न झालेली आवृत्ती चालत्या डेटाबेसवर आपोआप चढू नये म्हणून. साधकाने फक्त एक पथ्य पाळावे. होल्ड का केले, हे कुठेही लिहून ठेवू नये. तो नोकरी सोडून गेल्यावर मागून येणारे त्या पॅकेजला हात लावायला धजत नाहीत.

उबुंटूमध्ये 'अनअटेंडेड अपग्रेड्स' नावाचे एक विघ्न असते. ते सुरक्षेच्या दुरुस्त्या कुणाला न विचारता बसवते. तरीही धीर सोडू नये. नवे कर्नल डिस्कवर आले, तरी यंत्र रीस्टार्ट होईपर्यंत मेमरीत जुनेच चालू राहते, आणि आपोआप रीस्टार्ट करण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते. तेव्हा 'आमचा सर्व्हर वर्षभरात एकदाही बंद झाला नाही' हे वाक्य अभिमानाने म्हणत राहावे.

गिटहबवर काम करणाऱ्यांनी डिपेंडाबॉट लावावा. तो जुन्या लायब्ररींसाठी पुल रिक्वेस्ट उघडतो. त्या साठू द्याव्यात.

या साधनेतली सिद्धी म्हणजे अमेरिकेतली इक्विफॅक्स. तिच्या वापरातल्या अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील एका गंभीर छिद्राची दुरुस्ती मार्च 2017 मध्ये जाहीर झाली. कंपनीत लगोलग ईमेल फिरली: 48 तासांत दुरुस्ती करा. नंतर स्कॅनही झाला, पण त्याला ते छिद्र सापडलेच नाही. म्हणजे सूचना होती, मुदत होती, तपासणी होती. नव्हती ती दुरुस्ती. मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली.

यावर 'नवी आवृत्तीच धोक्याची' हा आळशांचा एक आवडता युक्तिवाद आहे, आणि तो पूर्ण खोटा नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या लिनक्सवरील लायब्ररीच्या ताज्या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पुरवला म्हणून तो उघडकीस आला. तोवर ताज्याच्या हव्यासाने चाचणीच्या आवृत्त्या वापरणारे अडकले होते. डेबियनची 'स्टेबल' म्हणजे स्थिर आवृत्ती वापरणारे सुटले. पण स्टेबलवाले झोपलेले नसतात. त्यांची आवृत्ती जुनी दिसली, तरी तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या मिळत राहतात. साधकाने हा तपशील चर्चेत येऊ देऊ नये.

ज्यांना या साधनेत रस नसेल, त्यांनी आज रात्री आधी बॅकअप घ्यावा, मग 'अपडेट'नंतर 'अपग्रेड'ही चालवावे आणि यंत्र एकदा रीस्टार्ट करावे.