सहीच्या वर स्क्रीनगार्ड

शनिवारी दुपारनंतर लोणावळ्याच्या बाजारात गर्दी दोनच ठिकाणी हटत नाही, चिक्कीच्या दुकानात आणि मेडिकलमध्ये. चिक्कीला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, एवढाच फरक. मेडिकलच्या काउंटरवर भुशी धरणात भिजून आलेला मोबाइल पुढे होतो. “दादा, हे प्रिस्क्रिप्शन.” पडद्यावर चिठ्ठीचा फोटो, वर ‘फॉरवर्डेड’ असा शेरा.

फोटोला नाक मुरडू नका. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो रुग्णाला मेसेजवर पाठवू शकतात. आल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या मात्र त्या तत्त्वांनुसार असं दुरून लिहून द्यायच्या नाहीत. पण चिठ्ठी समोर बसवून लिहिली की फोनवर, हे फोटो बिचारा कुठून सांगणार?

खरी पंचाईत शिक्क्याची. औषध नियम १९४५ चे. त्यांतला ६५ वा नियम सांगतो, शेड्यूल एचचं, म्हणजे फक्त चिठ्ठीवर मिळणारं, औषध दिलं की दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर नोंदवा. आणि डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा देऊ नका. तेव्हा सहीच्या वर कोरा कागद असायचा. आता स्क्रीनगार्ड असतो, तोही नवा. कायदा पाळणाऱ्या फार्मासिस्टने शाईचा शिक्का तिथे उमटवला, तर गिऱ्हाईक आधी दुकान डोक्यावर घेईल, मग गोळी. म्हणून शिक्का मारायचा राहूनच जातो. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव. लोकलमधून वाटेल तिथे उतरा, फोटोतली चिठ्ठी प्रत्येक मेडिकलात पहिल्यांदाच वटते.

अमेरिकेत डॉक्टरांचा संगणक मेडिकलच्या संगणकाला थेट निरोप धाडतो आणि औषध दिलं की ‘दिलं’ असा निरोप उलट धाडायचीही सोय आहे. आपणही मागे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने ई-चिठ्ठीचा साचा ठरवला आहे. प्रत्येक औषधाची वेगळी नोंद, तिला ‘चालू’, ‘पूर्ण’ अशी अवस्था. फक्त त्याच साच्यात एक खिडकीही ठेवली आहे: नोंदी भरायच्या नसतील, तर अख्खी फाइल आत सरकवा. रुग्णाचा चौदा आकडी आभा आरोग्य-ओळख क्रमांक, त्याची संमती, सगळे सोपस्कार उरकून सॉफ्टवेअरने भक्तिभावाने निरोप उघडावा, तर आत फोटो! ‘पूर्ण’ म्हणायला औषधाची नोंदच नाही.

मग काउंटरवरचा पोरगा डोळे बारीक करून अक्षर लावतो आणि सगळं हाताने टाइप करतो. शेड्यूल एच-१ या आणखी कडक यादीतलं औषध असेल तर वेगळं रजिस्टर, तेही तीन वर्षं जपायचं. बिलावर रुग्णाचा पत्ता हवा.

“साहेब, पत्ता?”

“लोकेशन पाठवू का?”

“बिलावर लिहायचाय.”

“तुंगार्ली. तो बंगला नाही का, स्विमिंग पूलवाला!”

पोरगा लिहून घेतो. तुंगार्लीत स्विमिंग पूल नसलेला बंगला सापडला, तर पोस्टमन त्याला कळवणार आहे.