पोकळीचा सातबारा

इंग्रजी कसं शिकवावं यावर शोधनिबंध लिहिणारे आणि प्रत्यक्ष इंग्रजी शिकवणारे हे दोन वेगळे समाज आहेत, हे आपण केव्हाच मान्य केलं आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण आता एक तिसरा समाज उगवला आहे. इंग्रजी अध्यापनावरच्या शोधनिबंधांच्या प्रस्तावना कशा लिहिलेल्या असतात, यावर तो शोधनिबंध लिहितो. त्या निबंधालाही प्रस्तावना असतेच. तिच्यात हमखास एक वाक्य भेटतं: ‘तथापि, इंग्रजी अध्यापनविषयक शोधनिबंधांच्या प्रस्तावनांकडे अभ्यासकांचे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही.’ आणि त्याला चिकटून, कंसात, ज्यांचं लक्ष गेलं त्या डझनभर अभ्यासकांची नावं.

या विद्येला कार्स नावाचा साचा आहे. मोटारींशी त्याचा संबंध नाही. संशोधनासाठी जागा कशी करून घ्यावी, एवढाच त्याचा विषय. 1981 साली भौतिकशास्त्रापासून सामाजिक शास्त्रांपर्यंतच्या 48 लेखांच्या प्रस्तावना समोर ठेवून पहिला आराखडा झाला, तेव्हा पायऱ्या चार होत्या. 1990 साली त्या तीनवर आल्या. प्रदेश दाखवा, प्रदेशातली मोकळी जागा दाखवा, ती जागा व्यापा. ज्या मुलखात बांधाच्या भांडणात पिढ्या खपतात, तिथल्या माणसाला हे शिकवायला परदेशातून साचा आणावा लागला, याचंच नवल वाटतं. आधी चतुःसीमा सांगायची, मग बखळ दाखवायची, मग रातोरात तारेचं कुंपण. आमच्या गावात हे निरक्षर माणसंही करतात, तेही संदर्भसूचीशिवाय.

पहिल्या पायरीत फार वेळ घालवण्याजोगं काही नाही, कारण चतुःसीमा सगळ्यांची एकच. आजच्या जागतिकीकरणाच्या युगात इंग्रजीचे महत्त्व अनन्यसाधारण. इंग्रजी ही ज्ञानभाषा, संपर्कभाषा, जगाकडे पाहण्याची खिडकी. मग वाघिणीचं दूध. मग 1835चा इंग्रजी शिक्षण कायदा. 1835 साली घरून निघालेला लेखक चौथ्या परिच्छेदात दमून बी.कॉम. भाग एकच्या वर्गात पोचतो.

खरी कला दुसऱ्या पायरीत. साचा तिथे चार वाटा देतो: आधीच्यांचं म्हणणं खोडून काढा, प्रश्न उपस्थित करा, चालू परंपरा पुढे न्या, नाहीतर पोकळी दाखवा. खोडून काढायला छाती लागते, आणि आधीचा माणूस बहुधा आपला गाईड असतो किंवा व्हायव्हाला येणार असतो. प्रश्न उपस्थित करायचा तर आधी तो पडावा लागतो. परंपरा पुढे नेतो म्हटलं की ‘मग नवीन काय?’ असं विचारतात. राहिली पोकळी. ती कुणाला टोचत नाही, तिच्यामुळे कुणी रागावत नाही, आणि तिच्यावर आधीचं कुणाचं नावही नसतं. म्हणून सगळे पोकळीच्या मागे. ‘सर, माझी गॅप निघत नाही हो,’ असं काकुळतीला येऊन सांगणारी पीएच.डी.ची मुलं स्टाफरूमच्या दारात उभी दिसतात.

ती काढायची युक्ती मात्र फार सोपी आहे. समजा, सांगोल्यातल्या बी.ए.च्या विद्यार्थ्यांच्या प्रिपोझिशनच्या चुकांवर काम झालेलं आहे. मग मंगळवेढ्यात पोकळी आहे. मंगळवेढ्यातही झालं? मग मंगळवेढ्यातल्या मुलींवर झालेलं नाही. मुलींवर झालं असेल तर एस.टी.च्या पासावर येणाऱ्या मुलींवर खासच झालेलं नाही. तेही कुणी उरकलं असेल तर प्रिपोझिशन सोडून आर्टिकल्स घ्या, आर्टिकल्स झाली तर आर्टिकल्सबद्दल प्राध्यापकांना काय वाटतं ते घ्या, प्राध्यापकांना काही वाटत नसेल तर का वाटत नाही ते घ्या. कोविडने तर फारच उपकार केले. प्रत्येक विषयाचे कोविडपूर्व, कोविडकालीन आणि कोविडोत्तर असे तीन तुकडे पडले, आणि एका आजारात पोकळ्या तिप्पट झाल्या. एवढी गुंठेवारी तर शहराच्या हद्दीलगतच्या शेतांचीही झाली नसेल. दरम्यान सांगोल्यातली मुलं ‘डिस्कस अबाउट’ म्हणतात, मंगळवेढ्यातलीही ‘डिस्कस अबाउट’च म्हणतात, पासवाल्या मुलीही तेच म्हणतात, आणि निष्कर्ष सगळीकडे एकच: अधिक सरावाची गरज आहे. आता तर एआयला सांगितलं की चहाला उकळी येईपर्यंत तो पाच पोकळ्या काढून देतो. तुम्ही फक्त तालुका सांगायचा.

न झालेलं काम आणि करण्याजोगं काम यांत काही फरक असतो, अशी माझी जुनाट समजूत आहे. मारुतीच्या पारावर बसवून पॅसिव्ह व्हॉइस शिकवल्यास होणारा परिणाम, यावरही आजवर कुणी काम केलेलं नाही. (हे छापून आल्यावर कुणीतरी करेल. प्रस्तावनेत या सदराचा उल्लेख करावा ही विनंती.)

तिसऱ्या पायरीत ‘प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे’ असं म्हणतात. प्रयत्नच.

तर आता हा तिसरा समाज काय करतो? अमुक देशातल्या लेखकांच्या पन्नासेक प्रस्तावना घेतो, तमुक देशातल्या पन्नासेक घेतो, आणि वाक्यावाक्याच्या पुढे पायरीचा क्रमांक टाकत जातो. दोन माणसं वेगवेगळी बसून क्रमांक टाकतात, मग दोघांचं किती जुळलं याचा कप्पा नावाचा एक आकडा काढतात. आकडा बरा आला की तक्ता होतो: पहिली पायरी इतके टक्के, दुसरी इतके, तिसरी इतके. या तक्त्याभोवती निबंध, निबंधाला प्रस्तावना, प्रस्तावनेत पोकळी: अमुक आणि तमुक झाले, ढमुक देश राहिला. जगात देश बरेच आहेत आणि विद्याशाखाही बऱ्याच आहेत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ते संपले की प्रस्तावनांच्या अभ्यासांच्या प्रस्तावना घेता येतील. त्यावर अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही, हे मी आत्ताच लेखी देतो.

इथवर हसण्यासारखं आहे. यापुढचं नाही. इंडोनेशिया-मलेशियातल्या लेखकांनी आपापल्या भाषेत लिहिलेल्या प्रस्तावना तपासल्या गेल्या, तेव्हा आढळलं की बरेच जण ही दुसरी पायरी गाळतात. आधीच्या लोकांनी काय केलं नाही हे उगाळत बसण्यापेक्षा ते प्रत्यक्षातली अडचण सरळ सांगतात आणि कामाला लागतात. काही समंजस अभ्यासकांनी या रीतीला तिचा वेगळा साचाही दिला. पण आपल्याकडे साचा एकच, आणि त्यात न बसणाऱ्याच्या नावापुढे शून्य. तालुक्याच्या कॉलेजातल्या एखाद्या बाई डोळ्यांसमोर आणा. वर्गाच्या हजेरीत शंभरावर नावं. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे समोरचं प्रत्येक पोरगं बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेलं. बाई प्रस्तावनेत प्रामाणिकपणे लिहितात की माझ्या मुलांना पुस्तकातला एक परिच्छेद वाचून कळत नाही, बँकेचा इंग्रजी फॉर्म भरता येत नाही, वर्गात मी इंग्रजी बोलले की ती खाली बघतात, आणि यावर मी वर्षभर काय करून पाहिलं ते सांगते. निबंध परत येतो. शेरा: ‘रिसर्च गॅप स्पष्ट नाही.’ स्पष्ट नाही? बारा वर्षं आणि एक फॉर्म, यांच्यामध्ये जे पसरलेलं आहे ते तुम्हाला दिसत नाही, आणि सांगोला आणि मंगळवेढा यांच्यामधलं मात्र दिसतं? बाई शहाण्या असतात. त्या दुसऱ्यांदा लिहितात. जागतिकीकरण येतं, वाघीण येते, 1835 येतं, ‘तथापि’ येतं, पोकळी येते. मुलं जातात. निबंध स्वीकारला जातो, फी भरली जाते, आयएसएसएन नंबरवाल्या अंकात तो छापून येतो, पदोन्नतीच्या फायलीत गुण जमा होतात. बाईंनी वर्षभर वर्गात जे करून पाहिलं ते मात्र कुठेच छापलं गेलेलं नसतं, त्यामुळे शेजारच्या तालुक्यातल्या मास्तरांना त्याचा पत्ता लागत नाही आणि ते पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात.

आणि यात त्या बिचाऱ्या साच्याचा काडीइतका दोष नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांना शास्त्रीय लेख वाचता-लिहिता यावेत म्हणून तो काढला गेला. लोक प्रस्तावनेत काय करतात याची ती नोंद होती. आपण नोंदीचा नियम केला, नियमाचा फॉर्म केला, आणि आता प्रस्तावना लिहीत नाही, फॉर्म भरतो. बारा वर्षं इंग्रजी शिकून मुलांना जो जमत नाही तो प्राध्यापकांना जमतो, हाच काय तो फरक.

शोधपत्रिकांच्या संपादकांना आणि परीक्षकांना एवढंच मागणं आहे. वर्षातून एक अंक, एकच, असा काढा की ज्यात दुसऱ्या पायरीला बंदी असेल. ‘आजवर लक्ष गेलेले नाही’ दिसलं की निबंध परत. पहिल्या ओळीत वर्गाचा पट, दुसऱ्या ओळीत मुलांना काय येत नाही, तिसरीपासून तुम्ही काय केलंत. अंक पातळ निघेल. निघू द्या.