शिंगराच्या येरझारा

जुन्या मोटरसायकलच्या मालकाला लोक दोनच प्रश्न विचारतात. अजून चालते का, आणि विकली तर किती येतील? पहिल्याचं उत्तर किक मारून देता येतं. दुसऱ्याचं उत्तर ऐकून विचारणाराच ओशाळतो.

माझी स्प्लेंडर ‘हिरो होंडा’च्या काळातली. या दोन कंपन्यांनी २०१० साली वेगळं व्हायचं ठरवलं. माझ्या टाकीला ही बातमी अजून कुणी दिलेली नाही. ९७.२ सीसीचं इंजिन, ओढायचा चोक, मारायची किक. नंबर एमएच ०५चा, म्हणजे कल्याण आरटीओचा. पंधरा वर्षं भरली तेव्हा तिची पुन्हा नोंदणी करावी लागली. आता दर पाच वर्षांनी ती आरटीओत हजर होते आणि पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यावा तशी, आपण अजून आहोत असं सांगते.

घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यांनी, अशी म्हण आहे. आमच्या डोंबिवलीतल्या बहुतेक गाड्या शिंगराच्या वाटेनं जातात. सकाळी घर ते स्टेशन, दिवसभर पार्किंग, संध्याकाळी स्टेशन ते घर. पुढचा मुंबईचा प्रवास लोकलच्या वाट्याचा. एवढ्याशा फेरीत इंजिन धड तापत नाही. तापलं नाही की आतला ओलावा उडून जात नाही, तो ऑइलमध्ये उतरतो. चोक ओढून ओढून प्लग काळा पडतो. बॅटरी पुरती भरत नाही, म्हणून हॉर्न कुजबुजतो. मग गाडी मिसिंग करायला लागते. फिटर प्लग काढतो, त्याची काजळी बोटावर घेऊन मला दाखवतो आणि म्हणतो, “साहेब, हिला जरा हायवे दाखवा.”

हायवे म्हणजे आमच्याकडे मुरबाडवरून माळशेज. माळशेज म्हटलं की सामान आलं. सामान आलं की ते बांधायला काहीतरी आलं. प्लग साफ करायला गेलेला माणूस कॅरिअरच्या किमती विचारत घरी येतो, तो असा.

या सगळ्या जोडकामाचा मूळपुरुष म्हणजे साडी गार्ड. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला हातानं धरायला काही हवं, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकलेलं हवं. साडीतली बाई डावीकडे पाय सोडून बसते, म्हणून गार्ड डावीकडे, सायलेन्सर उजवीकडे. नियम करणाऱ्यांनी विचार साडीचा केला होता. आपण त्या जाळीला बाजारातून घेतलेली मेथी लटकवली, छत्री खोचली, कधी क्रिकेटची बॅट. ज्यांनी चुकून उजव्या बाजूला पिशवी अडकवली, त्यांना प्लास्टिक आणि सायलेन्सर यांचं नातं वासावरून कळलं.

साडी गार्डनंतर फायबरची डिकी आली. तिच्यात गाडीची कागदपत्रं, प्लगचा पाना आणि एकेकाळी पिवळं असलेलं फडकं. मग मागे कॅरिअर. आणि शेवटी सॅडल बॅग, लडाखच्या फोटोंत शोभावी अशी, भरपूर पट्ट्यांची. ती लावून मी स्टेशनच्या पार्किंगमध्ये शिरलो तेव्हा तिथला पोरगा दोन गाड्यांमधल्या फटीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, “काका, ही दीड गाडी झाली.” पैसे मात्र त्यानं एकीचेच घेतले.

फिटरला हे वैभव पसंत पडलं नाही. त्याच्या मते वजन खाली आणि पुढे हवं. मागच्या एक्सलच्या पलीकडे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं. मग बिचाऱ्या कोनसेटवर संशय घेतला जातो. नाकापेक्षा मोती जड, असं तो म्हणाला नाही, पण शॉकअप दाबून बघताना त्याचा चेहरा तेच सांगत होता. मग त्यानं चेनकव्हरचं रबरी बूच काढलं, बोट आत घातलं, झोल पाहिला आणि दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून चेन ताणली. हवेचंही बजावलं. मागच्या चाकात एकट्यासाठी २८, दोघांसाठी ४०. हवा भरणारा यातलं काहीच विचारत नाही, तो सगळ्यांना सरसकट तीस देतो.

रॉबर्ट पिरसिग या अमेरिकन लेखकाचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ १९७४ साली आलं. त्यात मित्राच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होतं. बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी तिथे घालू, असं निवेदक सुचवतो आणि मित्राला ते अपमानास्पद वाटतं. तो मित्र कल्याणला राहिला असता तर वर्षभरात सुधारला असता. इथे सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी डिकीचा खडखडाट थांबवते, कॅरिअरवर पोतं बांधते आणि पावसाळ्यात टाकीच्या झाकणावरची प्लास्टिकची पिशवीही धरून ठेवते. तिनं कुणाचा अपमान झाल्याचं ऐकिवात नाही.

एवढ्या खटाटोपातून मिळतं काय? दिवसभर ज्या यंत्रांवर आपलं पोट चालतं, त्यांतल्या एकालाही आपला हात लागत नाही. लोकल का थांबली ते कळत नाही, लिफ्ट का अडकली ते कळत नाही, ऑफिसातला कॉम्प्युटर बिघडला तर तक्रार नोंदवून वाट बघायची. एका स्प्लेंडरचा आवाज बदलला तर टप्पेट की चेन, एवढं तरी मला ओळखता येतं. रविवारी सकाळी क्लचची केबल नीट करून हात काळे झाले की आठवडाभर न मिळालेला अधिकार मिळाल्यासारखा वाटतो.

माळशेजचं म्हणाल, तर पहिल्या पावसात तिथे सगळा ठाणे जिल्हा लोटतो. तेव्हा गर्दी ओसरली की जाऊ, असं ठरतं, आणि गर्दी ओसरते तोवर गणपती येतात. सॅडल बॅगेत आता रेनकोट, दोन कापडी पिशव्या आणि सुट्टे पैसे असतात. म्हणजे ओझं घोड्याचं चढवलं आणि येरझारा शिंगराच्याच राहिल्या. पण मुलीला परीक्षेच्या केंद्रावर वेळेत पोचवणं, दवाखान्यात डबा नेणं, गणपतीची मूर्ती मांडीवर घेतलेल्या बायकोला खड्डे चुकवत घरी आणणं, हे सगळं येरझाऱ्यांतच झालं. माळशेज अजून तिथेच आहे, कुठे जात नाही.

तोवर मी मागच्या चाकात ४०च ठेवतो. घरून एकटा निघालो, तरी परतताना कांदे बरोबर असतात.